घर आणि शाळा : परभाषेच्या वर्गांतलें आपलें मूल

गेल्या डिसेंबरांत आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभास जाण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचें. तीन पिढ्या एका छपराखालीं गुण्यागोविंदानें नांदणाऱ्या. धाकट्या चिरंजीवांचें बिऱ्हाड मात्र दोन वर्षांपासून अमेरिकेंत आहे, आणि ती मंडळीहि समारंभासाठीं मुद्दाम आली होती. त्यांच्याबरोबर आठ वर्षांची एक चुणचुणीत नात होती. पानें मांडण्याच्या गडबडींत ती आमच्या शेजारीं येऊन बसली, तेव्हां आम्हीं तिला सहज विचारलें, "तुझें नांव काय ग, बाळ?" तिनें क्षणभर विचार केला आणि उलट आम्हांलाच विचारलें, "घरचें सांगूं, कीं शाळेचें?"

भोंवतालची मंडळी हंसली. मग हकीकत कळली ती अशी : मुलीच्या नांवांत एक 'ळ' आहे. शाळेच्या पहिल्या दिवशीं वर्गाच्या बाईंनीं तें नांव उच्चारून पाहिलें, दोनदां अडखळल्या, आणि शेवटीं मोठ्या प्रेमानें त्याचीं पहिलीं दोन अक्षरें ठेवून बाकीचीं गाळून टाकलीं. आतां वहीवर तेंच नांव, बांकावर तेंच, आणि मैत्रिणींच्या तोंडींहि तेंच. बाईंच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. मुलीचीहि तक्रार नव्हती. "तें सोपें आहे," इतकेंच ती म्हणाली.

सर्व हंसले, पण तिची आजी हंसली नाहीं. पंगत उठल्यावर त्या माउलीनें आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, "माझें नांव लग्नांत बदललें. तांदळांत लिहिलेलें नवें नांव वाचलें, आणि जुनें तिथेंच राहिलें. त्या जुन्या नांवानें हांक मारणारा एक भाऊ उरला होता, तोहि दोन वर्षांपूर्वीं गेला. माझें नांव निदान विसाव्या वर्षीं गेलें; हिचें सहाव्याच वर्षीं गेलें. हिला कोणी विचारलें तरी होतें का हो?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं आम्हीं जें वाचलें आणि जें मनांत आलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचें एखादें तरी नातवंड, भाचरूं वा पुतण्या आज परदेशांतील शाळेंत बसत आहे. तेव्हां हा विषय कोणास परका वाटेल असें नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूल शाळेंत घालतांना आईबापांपुढें एक छापील कागद येतो. घरीं कोणती भाषा बोलतां, मूल प्रथम कोणती भाषा बोलूं लागलें, असे त्यांत प्रश्न असतात. उत्तर इंग्रजीखेरीज दुसरें असलें तर मुलाच्या इंग्रजीची परीक्षा होते. आणि तें कमी पडलें तर 'इंग्रजी शिकणारा विद्यार्थी' अशी त्याची नोंद होते. मग त्याला कोठें वेगळ्या तासाला बोलावून, कोठें त्याच वर्गांत दुसरी शिक्षिका देऊन, तर कोठें दोन भाषांच्या वर्गांत बसवून मदत दिली जाते. २०२१ सालच्या सरकारी गणतीप्रमाणें अशीं सुमारें ५३ लाख मुलें तेथील सार्वजनिक शाळांत होतीं. म्हणजे दर दहा मुलांमागें एकाहून किंचित् अधिक. त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश मुलांच्या घरीं स्पॅनिश बोलली जाते. आपलीं मराठी मुलें या समुद्रांत थेंबाएवढीं. परंतु जो अनुभव त्या लाखों मुलांचा, तोच आपल्या थेंबाचाहि आहे.

त्या देशानें हा प्रश्न सोडविण्याचे जे मार्ग आजवर चोखाळले, त्यांतला पहिला अत्यंत कठोर होता. १८७९ सालीं रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें पेनसिल्व्हानियांतील कार्लाइल येथील जुन्या बराकींत तेथील मूळच्या रहिवाशांच्या मुलांसाठीं एक निवासी शाळा काढली. मुलें हजारों मैलांवरून आणलीं. त्यांचे लांब केंस कापले, त्यांच्या भाषेला बंदी केली. पहिल्याच तुकडींत लाकोटा जमातीचा एक मुलगा होता. पुढें ल्यूथर स्टँडिंग बेअर या नांवानें तो ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आला. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, एके दिवशीं फळ्यावर कांहीं खुणा काढलेल्या दिसल्या. त्या खुणा म्हणजे गोऱ्या लोकांचीं नांवें होतीं. त्याच्या हातांत छडी देऊन त्यांतली एक खूण दाखविण्यास सांगण्यांत आलें. त्यानें न वाचतांच एकीवर छडी ठेवली, आणि त्या क्षणापासून तो ल्यूथर झाला. तें नांव कापडावर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलें. ही शाळा १९१८ पर्यंत चालली. आमच्या स्नेह्यांच्या नातीच्या बाई आणि कार्लाइलचे अधिकारी यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे हें उघड आहे. एकांत हेतु पुसून टाकण्याचा, दुसऱ्यांत केवळ सोय पाहण्याचा. पण जातें तें नांवच, आणि विचारीत कोणीच नाहीं, एवढें साम्य उरतेंच.

कार्लाइलची शाळा बंद झाली म्हणून ती वृत्ति मात्र संपली नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन भाषेविषयीं इतका द्वेष माजला कीं, नेब्रास्का राज्यानें १९१९ सालीं आठवी इयत्ता पार होण्यापूर्वीं मुलांना कोणतीहि परकी भाषा शिकविणें हाच गुन्हा ठरविला. रॉबर्ट मेयर नांवाच्या एका शिक्षकानें दहा वर्षांच्या मुलाला बायबलांतील गोष्टींचें जर्मन पुस्तक वाचावयास शिकविलें, म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ सालीं न्यायालयानें तो कायदाच रद्द ठरविला. मुलाला काय शिकवावें यांत आईबापांनाहि अधिकार आहे, असें या निकालाचें सार आहे.

दुसरा खटला याहून आपल्या विषयाच्या जवळचा. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत सुमारें १,८०० चिनी मुलें अशीं होतीं कीं, त्यांना इंग्रजी समजत नव्हतें आणि शाळेकडून कोणतीहि खास मदत मिळत नव्हती. शाळेचें म्हणणें सरळ होतें : सर्वांना तींच पुस्तकें, तेच शिक्षक, तेच बांक देतों, मग अन्याय तो कोणता? चिनी पालकांनीं १९७० सालीं दावा लावला, आणि १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. ज्याला भाषाच कळत नाहीं त्याच्या हातांत तेंच पुस्तक देणें म्हणजे समान वागणूक नव्हे, असा त्याचा आशय. 'लाउ विरुद्ध निकल्स' या नांवानें हा निकाल तेथील प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतो.

परंतु मदत केलीच पाहिजे असें सांगून न्यायालय थांबलें. ती कशी करावी हें त्यानें सांगितलें नाहीं. म्हणून त्यानंतर लंबक सतत इकडून तिकडे हालत राहिला आहे. कॅलिफोर्नियानें १९९८ सालीं लोकमत घेऊन द्विभाषी वर्ग जवळजवळ बंद केले आणि २०१६ सालीं पुन्हां लोकमत घेऊनच ते मोकळे केले. १ मार्च २०२५ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञापत्रानें इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा ठरली. हा लंबक एकाच मनुष्याच्या आयुष्यांतहि कसा हालतो पाहा. लिंडन जॉन्सन यांनीं १९२८ च्या सुमारास टेक्सासमधील कोटुला या गांवीं मेक्सिकन मजुरांच्या गरीब मुलांना शिकविलें. मुलांसाठीं त्यांनीं पुष्कळ केलें. परंतु मुलांनीं खेळतांनासुद्धां इंग्रजीच बोललें पाहिजे असा त्यांचा कडक दंडक असे, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. आणि हेच जॉन्सन पुढें राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६८ च्या आरंभीं, घरच्या भाषेच्या आधारानें शिकविणाऱ्या शाळांना पैसा देणाऱ्या पहिल्या कायद्यावर सही करते झाले.

कायद्याची गति इतकी. मुलाला इंग्रजी शिकवावी अशी आज्ञा कायदा करूं शकतो; मुलाच्या घराला वर्गांत मान द्यावा, ही आज्ञा त्याला करतां येत नाहीं. तें काम शिक्षकाचें, आणि तितकेंच आपलें घरच्यांचें. तें कसें होतें याचीं तीन उदाहरणें आम्हांस फार बोलकीं वाटलीं.

पहिलें ॲरिझोना राज्यांतील टूसॉन शहरचें. तेथील विद्यापीठाचे लुई मोल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९० च्या आसपास कांहीं शिक्षकांना मेक्सिकन वस्तींतील मुलांच्या घरीं पाठविलें. पण उपदेश करण्यासाठीं नव्हे, शिकण्यासाठीं. 'या घरांत काय कमी आहे' असें न पाहतां 'या घरांत काय येतें' हें पाहावें, अशी अट होती. शिक्षकांना आढळलें कीं, ज्यांना आपण अडाणी समजत होतों त्या घरांत शेती, गुरें, खाणकाम, बांधकाम, झाडपाल्याचीं औषधें, सीमेपलीकडचा व्यापार, अशा अनेक विषयांचें पिढीजात ज्ञान आहे. एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली मिठाई शेजारींपाजारीं विकत असे. शिक्षिकेनें त्याच मिठाईवर धडा रचला. दोन देशांच्या मिठाईंत काय काय घालतात याची मुलांनीं तुलना केली. आणि एका आईनें वर्गांत येऊन ती मिठाई करून दाखविली. त्या दिवशीं वर्गांतली गुरु ती होती. आपल्या आईला फळ्यापुढें उभी पाहून त्या घरच्या मुलाची मान किती ताठ झाली असेल, हें सांगावयास नको.

दुसरें उदाहरण हवाई बेटांतलें. तेथील मूळच्या लोकांचीं मुलें वाचनांत मागें पडत. होनोलुलूच्या एका प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत शिक्षकांनीं त्यांच्या बोलण्याकडे नीट लक्ष दिलें. घरीं हीं मुलें गोष्ट सांगतात ती एकेकट्यानें नव्हे. एक सुरू करतो, दुसरा मध्येंच भर घालतो, तिसरा ती पुढें नेतो. वर्गांत मात्र 'हात वर कर, एकट्यानें बोल' हा नियम. तेव्हां तीं गप्प बसत. वाचनाच्या तासाला त्यांना आपल्या रीतीनें बोलूं दिल्यावर त्यांचें वाचन सुधारलें. संस्कृति म्हणजे नऊवारी, लेझीम आणि चकली एवढेंच नव्हे. बोलण्याची आणि गप्प राहण्याचीहि एक रीत असते, हें यावरून ध्यानांत येतें. आपल्या घरांत 'मोठ्यांच्या बोलण्यांत मध्यें बोलूं नये' हें बाळकडूच असतें. तेंच मूल अमेरिकन वर्गांत बसतें, जेथें आपण होऊन बोलणें हेंच हुशारीचें लक्षण! शांत बसलेल्या त्या मुलाला बाई मंद समजतात, आणि मुलाला वाटतें आपण शहाण्यासारखें वागत आहों. दोघांपैकीं कोणीहि चुकलेलें नसतें. रीत तेवढी वेगळी असते. ती कोणी तरी दोघांनाहि समजावून सांगितली पाहिजे.

तिसरें उदाहरण कॅनडांतील टोरांटोजवळच्या एका शाळेचें आहे, आणि तें जिम कमिन्स या शिक्षणशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं नोंदविलें आहे. पाकिस्तानांतून नुकतीच आलेली, इंग्रजीचे चार शब्दहि धड न येणारी एक मुलगी सातवीच्या वर्गांत बसली. इतर शाळांत अशी मुलगी महिनोन् महिने मुकी राहते आणि चित्रें रंगवीत बसते. येथें तिला दोन उर्दू जाणणाऱ्या मैत्रिणींबरोबर बसविण्यांत आलें. तिघींनीं उर्दूंत चर्चा केली, इंग्रजींत लिहिलें, पुन्हां उर्दूंत लिहिलें. आणि देश सोडून येण्यावर एक द्विभाषी पुस्तक तयार केलें. त्या मुलीला विचार होते, अनुभव होता, कल्पना होती. इंग्रजी तेवढें नव्हतें. बहुतेक वर्गांत इंग्रजी नाहीं म्हणजे विचारच नाहीं असें धरून चालतात, आणि येथेंच सारा घात होतो.

कमिन्स यांचें म्हणणें असें कीं, दोन भाषा म्हणजे डोक्यांतले दोन वेगळे डबे नव्हेत, कीं एक भरण्यासाठीं दुसरा रिकामा करावा लागावा. मराठींत भागाकार शिकलेल्या मुलाला इंग्रजींत भागाकार नव्यानें शिकावा लागत नाहीं; त्याचे शब्द तेवढे शिकावे लागतात. आणखी एक गोष्ट त्यांनीं दाखविली, ती प्रत्येक आईबापानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खेळाच्या मैदानावरचें इंग्रजी मुलाला साधारण दोन वर्षांत येतें; पण पाठ्यपुस्तकाचें, निबंधाचें इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकें येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. मूल फाडफाड बोलूं लागलें म्हणून त्याची मदत काढून घेणें, किंवा निबंध साधला नाहीं म्हणून त्याला मठ्ठ म्हणणें, या दोन्ही चुकाच होत.

या मताला विरोध नाहीं असें मात्र नाहीं, आणि जो विरोध आहे तो अनुभवाचा आहे. रिचर्ड रॉड्रिगेझ या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लेखकानें १९८२ सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. लहानपणीं सॅक्रामेंटो शहरांत त्याच्या शाळेच्या जोगिणी एके दिवशीं घरीं आल्या आणि आईबापांस म्हणाल्या कीं, मुलांशीं घरींहि इंग्रजींत बोलत चला. आईबापांनीं मुलांच्या कल्याणासाठीं तें लगेच मान्य केलें. मुलगा इंग्रजी शिकला, मोठा विद्वान् झाला. पण घर हळूहळू मुकें होत गेलें. बाप तर जवळजवळ बोलेनासाच झाला. आश्चर्य असें कीं, रॉड्रिगेझ स्वतः याबद्दल शाळेला दोष देत नाहीं. सार्वजनिक जीवनांत शिरण्यासाठीं ही किंमत द्यावीच लागते, असेंच त्याचें मत आहे. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदर वाटतो. शाळेची भाषा मुलाला उत्तम, निःसंकोच आली पाहिजे, हें त्याचें म्हणणें आम्हांसहि मान्य आहे. जें शिक्षण घरच्या भाषेच्या कौतुकांत इंग्रजीच कच्चें ठेवील तें मुलाचा घातच करील. पण ही किंमत दिल्याखेरीज इंग्रजी येतच नाहीं, हें मात्र आम्हांस पटत नाहीं. १८७४ सालीं निबंधमाला सुरू करणारे विष्णुशास्त्री आणि १८८१ सालीं केसरी काढणारी मंडळी इंग्रजी विद्येंतच वाढलेली होती. इंग्रजी त्यांस उत्तम आलें, आणि घर मुकें झालें नाहीं. उलट मराठीला कंठ फुटला.

घर मुकें होणें म्हणजे काय, याचा शोध कॅलिफोर्नियांतील लिली वाँग फिलमोर या विदुषीनें घेतला. हजारावर कुटुंबांच्या मुलाखतींवरून तिनें १९९१ सालीं दाखविलें कीं, मूल जितक्या लहान वयांत इंग्रजी वर्गांत जातें, तितकी त्याची घरची भाषा लवकर गळते. तिनें नमूद केलेली एका कोरियन घराची हकीकत वाचून आम्ही बराच वेळ सुन्न होतों. आजोबा कोरियाहून नातवंडांना भेटावयास आले. कोरियन भाषेंत वडील माणसांशीं बोलतांना क्रियापदाचीं आदरार्थी रूपें योजावीं लागतात. मुलांना तीं ठाऊकच नव्हतीं. त्यांचें बोलणें आजोबांच्या कानांला उद्धटपणाचें वाटलें, आणि बापानें मुलांना शिक्षा केली. मुलें उद्धट नव्हतीं हो! त्यांच्यापाशीं 'आपण' नव्हता, 'तूं'च तेवढा उरला होता. ज्या घरांत 'अहो' आणि 'अरे' यांतला फरक पाळण्यांत सारें वळण सांठविलेलें आहे, त्या आमच्या वाचकांस याचा अर्थ अधिक फोडून सांगणें नको.

येथवर अमेरिकन शाळेची झडती झाली. पण वाचकहो, आरसा दुसऱ्यापुढें धरला तसा एकदां आपल्यापुढेंहि धरूं या. एका परक्या बाईला 'ळ' म्हणतां येत नाहीं याचें आपल्याला वाईट वाटतें. आपल्याच शाळांतून 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचें काय होत आलें आहे? त्याच्या तोंडून तो शब्द पुन्हां पुन्हां वदवून वर्गाला हंसविणारे गुरुजी आम्हीं आमच्या शाळेंत पाहिले आहेत, आणि आम्ही स्वतः त्या हंसण्यांत सामील झालों होतों, हें कबूल केलें पाहिजे. तें मूल आईच्याच भाषेंत बोलत होतें. त्याला आम्हीं अशुद्ध ठरविलें, आणि मग तें वर्गांत फारसें बोललेंच नाहीं. मेळघाटांतील कोरकू मूल, गडचिरोलीकडील गोंड किंवा माडिया मूल, नंदुरबारकडील भिल्ल वा पावरा मूल मराठी शाळेंत पहिलें पाऊल टाकतें, तेव्हां त्याच्यापुढें आपली मराठी अशीच परभाषा म्हणून उभी असते. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चिनी मुलांना जें न्यायालयानें दिलें, तें या मुलांना मागण्याची वेळ येऊं न देणें हें आपलें काम आहे. आणि नांव बदलण्याची गोष्ट म्हणाल, तर त्या आजीबाईंचें नांव कोणत्या शाळेनें बदललें होतें?

आतां, परदेशीं मूल असलेल्या घरांनीं काय करावें? आमच्या अल्पमतीप्रमाणें चार गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली : शाळेच्या कागदावर घरची भाषा मराठी असेल तर मराठीच लिहावी. मुलाला वेगळा शिक्का बसेल या भीतीनें 'इंग्रजी' लिहिण्याचा मोह कित्येकांस होतो. पण त्यामुळें मुलाच्या हक्काची मदत जाते, आणि घरची भाषा लपविण्याजोगी आहे हा पहिला धडा त्याला आईबापांकडूनच मिळतो.

दुसरी : मुलाचें पूर्ण नांव बाईंना आईबापांनीं स्वतः जाऊन सांगावें, सावकाश म्हणून दाखवावें. मुलालाच आखूड नांव आवडत असेल तर तेंहि ठीक. पण तें त्याच्या आवडीचें असावें, दुसऱ्याच्या सोईचें नसावें. तसेंच, वर्षांतून एकदां दिवाळीला त्याला जरीचे कपडे घालून साऱ्या हिंदुस्थानचा प्रतिनिधि म्हणून उभें करण्याची हौस बाईंना असेल, तर मुलाचें मन आधीं पाहावें. कोणाला त्यांत आनंद वाटतो, कोणाला मेल्याहून मेल्यासारखें होतें. मूल म्हणजे प्रदर्शनांतली वस्तु नव्हे.

तिसरी गोष्ट आजीआजोबांसाठीं. नातवंडाला सोपें जावें म्हणून दूरध्वनीवर मोडक्यातोडक्या इंग्रजींत बोलूं नये. आपल्यापाशीं जें उत्तम आहे तें आपल्या भाषेंत आहे. तुमच्या लहानपणची विहीर, दुष्काळाचें वर्ष, पणजीचा हट्ट, पहिली आगगाडी, हें सर्व मराठींत सांगा. आणि मुलाला सांगा कीं, हीच गोष्ट एका पानावर मराठींत व समोरच्या पानावर इंग्रजींत लिहून बाईंना दाखव. टोरांटोच्या मुलींनीं केलें तेंच हें.

चौथी सर्वांत अवघड. मूल सुट्टींत घरीं येतें आणि 'मी आंबा खाल्ली' म्हणतें, तेव्हां हंसूं नये. त्या वर्गांत इंग्रजी चुकलें म्हणून हंसतात, आणि या घरांत मराठी चुकली म्हणून हंसतात. मग त्या मुलानें बोलावें तरी कोठें? बरोबर वाक्य आपण सहज बोलून दाखवावें, म्हणजे झालें. भाषा कानांनीं शिकतात, लाजेनें नव्हे.

हा लेख लिहून होत असतांनाच त्या आजीबाईंकडून निरोप आला. परत जाण्यापूर्वीं त्यांनीं नातीला जीभ उलटी वळवून टाळूला कशी लावावी हें शिकविलें होतें. तिला स्वतःला 'ळ' म्हणतां येतच होता, पण दुसऱ्याला कसा शिकवावा हें शिकविलें. मुलीनें तें वर्गांत जाऊन बाईंना सांगितलें. दोन दिवस सारा वर्ग जिभा वळवीत बसला होता म्हणे! आतां वहीवर पूर्ण नांव आहे, वर इंग्रजींत आणि खालीं देवनागरींत. बाईंना 'ळ' अजून साधलेला नाहीं. पण हजेरी घेतांना त्या तेथें थांबतात, पूर्ण नांव घेतात आणि विचारतात, "आज जमलें का?" मुलगी बहुतेक वेळां "नाहीं" असेंच सांगते, आणि बाई दुसऱ्या दिवशीं पुन्हां म्हणून पाहतात.